पडद्यावरचा पंचनामा

दूरचित्रवाणीवर एक रहस्यकथा रंगात आली आहे. एका जुन्या वाड्यात चोरी झालेली असून गुप्त पोलीस अधिकारी वाड्याच्या मालकाची जबानी घेत आहेत. भिंतीवरील घड्याळात सव्वादहा वाजले आहेत. मालक सांगतो, "साहेब, मी रात्रभर जागा होतो. कुणाचे पाऊलही वाजले नाही." कॅमेरा अधिकाऱ्याच्या मुद्रेकडे वळतो आणि क्षणार्धात पुन्हा मालकाकडे येतो. आता त्याच घड्याळात पावणेबारा झालेले आहेत! समोरचा चहाचा पेला मघाशी अर्धा रिकामा होता, तो काठोकाठ भरला आहे. मालकाच्या सदऱ्याची वरची गुंडी मघाशी लावलेली होती, ती सुटलेली आहे. पडद्यासमोर बसलेला एखादा चाणाक्ष मुलगा हर्षाने ओरडतो, "घड्याळाचे काटे कोणीतरी फिरवले! चोर घरातलाच आहे!" परंतु कथा संपते, चोर पकडला जातो, आणि घड्याळाचा साधा उल्लेखही होत नाही. मुलाचे निरीक्षण अचूक होते. चुकले होते ते मालिका तयार करणाऱ्यांचे. त्याच्या हाती लागला तो चोराचा डाव नव्हता, ती चित्रणातील एक गफलत होती.

अशा गफलतीला चित्रपटाच्या व्यवसायात 'कंटिन्यूइटी'ची, म्हणजे सलगतेची चूक म्हणतात. पडद्यावर जे दोन मिनिटांचे अखंड संभाषण दिसते, ते प्रत्यक्षात पंधरा-वीस तुकड्यांचे जोडकाम असते. त्यातील एकेक तुकडा निरनिराळ्या वेळी, कधीकधी निरनिराळ्या दिवशी चित्रित झालेला असतो. ह्या सर्व तुकड्यांत माणसे, वस्तू, कपडे, प्रकाश आणि आवाज हे तंतोतंत जुळले, तरच प्रेक्षकाला ते एकसंध वाटतात. एखादा सांधा निसटला, की कुशल शिंप्याने शिवलेल्या अंगरख्याची शिवण उसवावी, तसे होते.

इतर कथांमध्ये असा सांधा निसटला, तर फारसे बिघडत नाही. कौटुंबिक नाटकात नायिकेच्या हातातील बांगड्या चाराच्या पाच झाल्या, तर प्रेक्षक हसून सोडून देईल. गुप्तहेरकथेची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे लेखक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक अलिखित करार झालेला असतो. गुन्हेगाराचा माग लावण्यास आवश्यक असलेल्या सर्व खुणा प्रेक्षकासमोर ठेवल्या जातील. ज्याचे डोळे उघडे असतील त्याला त्या दिसतील, असे तो करार सांगतो. म्हणून रहस्यकथेत रक्षापात्रातील राख, उंबरठ्यावरील चिखल, बंद पडलेले घड्याळ, ह्यांपैकी कोणतीच वस्तू निव्वळ शोभेची नसते. प्रत्येक वस्तू साक्षीदार असते. अशा ठिकाणी घड्याळ आपोआप दीड तास पुढे गेले, तर तो साक्षीदार खोटे बोलला असे होते. आणि मन लावून पाहणाराच फसतो, निष्काळजीपणे पाहणारा सुटतो.

ही अडचण कॅमेऱ्याच्या जन्माआधीचीच आहे. शेरलॉक होम्स ह्या जगप्रसिद्ध गुप्तहेराची पहिली कादंबरी आर्थर कॉनन डॉइल ह्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केली. तीत होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन सांगतो, की अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागली. पुढे १८९० साली दुसरी कादंबरी आली, आणि तीत तीच जखम पायाला गेली! १८९१ सालच्या एका कथेत तर वॉटसनची पत्नी त्याला 'जेम्स' म्हणून हाक मारते. वास्तविक त्याचे नाव जॉन. धुळीच्या कणावरून माणसाचा इतिहास सांगणाऱ्या गुप्तहेराच्या जन्मदात्यालाच आपल्या पात्राची जखम कोठे होती हे आठवू नये, ह्याची वाचकांना मोठी गंमत वाटली. डोरोथी सेअर्स ह्या गुप्तहेरकथांच्या विख्यात लेखिकेने ह्या चुकीवर एक चतुर तोड काढली. वॉटसनच्या नावातील मधले अक्षर 'एच' असे आहे. ते 'हेमिश' ह्या नावाचे असावे, आणि हेमिश हे जेम्स ह्याच नावाचे स्कॉटलंडमधील रूप असल्यामुळे पत्नी त्याला लाडाने जेम्स म्हणत असावी, असा तिचा तर्क होता. पुढे २०१० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीने होम्सच्या कथा आधुनिक काळात आणून 'शेरलॉक' ही मालिका काढली. तीतील वॉटसनला जखम खांद्यालाच झालेली आहे, परंतु तो लंगडतो मात्र पायाने. कारण त्याचे लंगडणे मनाच्या आघातातून आलेले आहे, असे होम्स ओळखतो. शंभर वर्षांपूर्वीची चूक येथे कथेचा पुरावा होऊन बसली. चूक झाकण्याऐवजी तिला अर्थ देणे, हाही दुरुस्तीचा एक मार्ग होय.

दूरचित्रवाणीवर अशा चुका का घडतात, हे समजण्यासाठी चित्रणाची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. कथा ज्या क्रमाने पडद्यावर दिसते त्या क्रमाने ती सहसा चित्रित होत नाही. समजा, एका रहस्यमालिकेचे चित्रण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात व्हावयाचे आहे. कथेतील पहिला, नववा आणि शेवटचा प्रसंग अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी घडतो, आणि मधले प्रसंग पाथर्डीकडील एका खेड्यात. कलावंत, गाड्या, दिवे आणि सामान घेऊन तीनदा भंडारदऱ्यास जाणे परवडणारे नाही. म्हणून तेथील तिन्ही प्रसंग एकाच मुक्कामात उरकतात. सकाळी गुन्हेगाराला अटक होते आणि दुपारी त्याच गुन्हेगाराची प्रेक्षकांशी पहिली भेट चित्रित होते. अटकेच्या वेळी झटापटीत फाटलेला सदरा दुपारी धड असला पाहिजे, आणि कपाळावरील खोक नाहीशी झाली पाहिजे.

त्यातून नगर जिल्ह्याचा निसर्गही कसोटी पाहणारा आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीची उंच रांग आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, ह्याच बाजूस आहे. तेथे पावसाळ्यात धुवांधार पाऊस कोसळतो, प्रवरेवरचा रंधा धबधबा गर्जू लागतो आणि भातखाचरे तुडुंब भरतात. उलट पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. एका बाजूस हिरवेगार डोंगर आणि दुसऱ्या बाजूस पावसाची वाट पाहणारे माळ, असे चित्र एकाच दिवशी दिसू शकते. आता पाठलागाच्या एका प्रसंगाचा अर्धा भाग मे महिन्यात आणि उरलेला ऑगस्टमध्ये चित्रित झाला, तर काय होईल? चोर पिवळ्या गवतात शिरेल आणि पोलीस हिरव्या गवतातून बाहेर येतील! कथेत पळापळ पाच मिनिटांची, परंतु निसर्गाच्या वहीत मध्ये तीन महिने गेलेले असतील. वस्तू आणि कपडे माणसाच्या हाती असतात; ऊन, ढग आणि गवत ही कोणाचीही आज्ञा मानत नाहीत.

खाण्यापिण्याचे प्रसंगही असेच निसरडे असतात. १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' ही गुप्तहेरमालिका लागत असे. पंकज पराशर ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या मालिकेत पंकज कपूर ह्यांनी रंगविलेला करमचंद सतत गाजर खात खात गुन्ह्याचा विचार करी. ही लकब प्रेक्षकांना फार आवडली. सलगतेच्या दृष्टीने पाहिले, तर खाल्ले जाणारे गाजर म्हणजे एक घड्याळच होय. ते आखूड होत जाते, लांब कधीच होत नाही. एकच वाक्य नटाने चार वेळा म्हटले, तर चार गाजरे एकाच जागी तुटलेली हवीत, आणि कोणत्या शब्दावर घास घेतला हेही प्रत्येक वेळी जुळले पाहिजे. पेल्यातील चहा, समईतील तेल, जळणारी उदबत्ती आणि वितळणारी मेणबत्ती ह्या सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

वस्तूंप्रमाणे दिशांचीही सलगता राखावी लागते. समोरासमोर बसलेल्या गुप्तहेराच्या आणि संशयिताच्या मधून एक रेषा गेली आहे अशी कल्पना केली, तर कॅमेऱ्याने त्या रेषेच्या एकाच बाजूस राहावे असा संकेत आहे. मग एकजण डावीकडून उजवीकडे पाहतो, दुसरा उजवीकडून डावीकडे पाहतो, आणि ते एकमेकांशी बोलत आहेत हे चटकन पटते. कॅमेरा चुकून रेषेपलीकडे गेला, की दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत असे दिसते. वस्तू सर्व जागच्या जागी असूनही प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. त्याला कारण सांगता येत नाही, परंतु काहीतरी बिनसले आहे असे त्याला वाटत राहते.

दुसऱ्या प्रकारच्या चुका निर्मितीच्या, म्हणजे पडद्यामागील जग पडद्यावर डोकावण्याच्या असतात. कपाटाच्या आरशात कॅमेरा आणि तो चालविणारा दिसतो. डोक्यावर धरलेल्या ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवर हलते. ज्याला मृत म्हणून निजविले आहे त्याचे पोट श्वासाने हळूच वरखाली होते. कधीकधी कथेला नको असलेली माहितीही अशी निसटते. 'कोलंबो' ह्या गाजलेल्या अमेरिकन मालिकेतील पोलीस अधिकाऱ्याचे पाळण्यातले नाव काय, हे मालिकेत मुद्दामच कधी सांगितले गेले नाही. परंतु १९७१ सालच्या एका भागात तो आपले ओळखपत्र दाखवितो. सामान तयार करणाऱ्याने त्यावर 'फ्रँक' असे नाव लिहून टाकले होते. ते क्षणभरच दिसले. त्या काळी ते कोणाच्या ध्यानात येण्याचा संभव नव्हता. पुढे चित्र हवे तेथे थांबविण्याची सोय घरोघर आली, आणि लेखकांनी जपलेले गुपित एका कागदाच्या तुकड्याने फोडले.

तिसरा प्रकार कालविपर्यासाचा. ज्या वस्तू त्या काळी नव्हत्याच, त्या जुन्या काळच्या कथेत येणे म्हणजे कालविपर्यास होय. शरदिंदू बंद्योपाध्याय ह्यांच्या बंगाली कथांवर बासू चटर्जी ह्यांनी १९९३ साली दूरदर्शनसाठी 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका तयार केली. ती इंग्रजी अमदानीतील कलकत्त्याची. असा काळ उभा करताना रस्ते, दिवे, वर्तमानपत्रे, चष्म्याच्या काड्या, सर्वच पारखून घ्यावे लागते. हीच कसोटी नगरच्या भुईकोट किल्ल्याला लावून पाहता येईल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल फौजेने ह्या किल्ल्याला वेढा दिला असता चांदबिबीने तो धैर्याने लढविला, आणि सुरुंगाने पडलेले तटाचे खिंडार रातोरात बुजविले, ही कथा प्रसिद्ध आहे. ह्या प्रसंगावर चित्रपट काढावयाचा झाला, तर विजेच्या तारा दिसू नयेत हे कोणीही सांगेल. परंतु तटापाशी फुललेला गुलमोहर? तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. भारतात तो एकोणिसाव्या शतकात आला. खंदकाकाठची नीलगिरी? ती ऑस्ट्रेलियाची. आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना माजलेले गाजरगवत तर १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या बाजूस प्रथम दिसून आले. चांदबिबीच्या घोड्याच्या टापांखाली ते तुडविले गेले, तर इतिहासच तुडविला जाईल.

असा विपर्यास केवळ पडद्यावरच होतो असे नाही. लोकांच्या बोलण्यातही तो घडतो. नगर शहराच्या पूर्वेस डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली, भव्य इमारत दुरूनच दिसते. सर्व लोक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वास्तविक तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. निजामशाहीतील सलाबतखान ह्या वजिराची ती कबर आहे. इतक्या वर्षांत नाव रूढ झाले आणि इमारत मुकाट्याने चुकीच्या नावाने उभी राहिली. जो मनुष्य 'हे असेच आहे काय?' असा प्रश्न विचारतो, त्यालाच खरी कथा कळते. गुप्तहेर आणि इतिहाससंशोधक हे एकाच गुरूचे शिष्य आहेत.

चुका टाळण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याचे नाव प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसते. सलगता सांभाळणारा हा साहाय्यक कॅमेऱ्याजवळ वही घेऊन बसतो. प्रत्येक तुकडा संपला, की तो नोंदी करतो: पेला कोणत्या हातात होता, त्यात चहा किती होता, छत्री मिटलेली होती की उघडी, कोणत्या शब्दावर नट उठून उभा राहिला, पदर कोणत्या खांद्यावर होता, घड्याळ किती वाजले होते. पूर्वी ह्या नोंदींना जागच्या जागी मिळणाऱ्या छायाचित्रांचा आधार असे. आता हातातील दूरध्वनीवर शेकडो छायाचित्रे निघतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी जी काळी-पांढरी पाटी कॅमेऱ्यासमोर धरून तिची फळी 'टक्' अशी आपटतात, तीही ह्याच व्यवस्थेचा भाग आहे. पाटीवर प्रसंगाचा, तुकड्याचा आणि प्रयत्नाचा क्रमांक असतो. फळ्या मिटल्याचे चित्र आणि 'टक्' असा आवाज एकत्र जुळविले, की चित्र आणि ध्वनी एकमेकांशी अचूक बसतात.

नगर जिल्ह्याचा ह्या कलेशी जुना संबंध आहे. विख्यात नट शाहू मोडक ह्यांचा जन्म १९१८ साली अहमदनगरात झाला. ज्या जिल्ह्यातील नेवाशात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याच जिल्ह्यातील ह्या नटाने १९४० साली 'प्रभात'च्या चित्रपटात ज्ञानेश्वरांची भूमिका केली. आणि त्याच्या आदल्या वर्षी 'माणूस' चित्रपटात ते पोलीस शिपाई झाले होते. त्याहूनही आधी, १९३३ सालच्या 'औट घटकेचा राजा' ह्या चित्रपटात त्यांनी एकट्याने दोन भूमिका केल्या. भारतीय बोलपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. मूकपटांच्या काळात, १९१७ साली, दादासाहेब फाळके ह्यांच्या 'लंकादहन' चित्रपटात साळुंके ह्या नटाने राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या. परंतु दोन्ही पात्रे एकाच वेळी समोरासमोर आणावयाची झाली, म्हणजे काम फार अवघड होते. त्या काळातील रूढ युक्ती अशी होती, की भिंगाचा अर्धा भाग झाकून एका बाजूचा अभिनय चित्रित करावयाचा. मग फीत मागे गुंडाळून, झाकलेला भाग उघडून आणि उघडा भाग झाकून, त्याच फितीवर दुसरी बाजू चित्रित करावयाची. ह्या अवधीत कॅमेरा केसभरही हलता कामा नये, आणि उजेडही बदलता कामा नये. समोर कोणीही नसताना नटाला रिकाम्या जागेकडे अशी नजर लावावी लागे, की तेथे दुसरा माणूस उभा असल्याचा भास व्हावा. दोन वेगळ्या घटकांच्या मधला तो अदृश्य सांधा म्हणजे सलगतेची खरी परीक्षा होय.

आवाजाचीही सलगता असते. नगर जिल्ह्याचे भूमिपुत्र भाऊराव कऱ्हाडे ह्यांचा 'ख्वाडा' हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा. तिला चित्रणस्थळी केलेल्या ध्वनिलेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उघड्या रानात आवाज जागच्या जागी टिपणे किती बिकट आहे, ह्याची कल्पना सहज करता येईल. वारा एका वाक्याला असतो आणि पुढच्या वाक्याला नसतो. दूरवर पाण्याचे इंजिन सुरू होते. मेंढरांच्या कळपाला 'पुन्हा तसेच ओरडा' असे सांगता येत नाही. चित्राचे तुकडे जुळले आणि रानाचा आवाज मध्येच तुटला, तरीही कानाला सांधा कळतोच.

सांधेच नसतील, तर चुका कशा होतील? हा विचारही काही दिग्दर्शकांनी केला. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनी १९४८ साली 'रोप' हा खुनाच्या कथेवरील चित्रपट दीर्घ, अखंड तुकड्यांत चित्रित केला. त्या वेळी कॅमेऱ्यात मावणारी फीत सुमारे दहा मिनिटांत संपत असे. म्हणून काही ठिकाणी कॅमेरा एखाद्या पात्राच्या पाठीला भिडवून, पडदा काळा झाला असताना, हळूच सांधा घेतलेला आहे. मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे उदाहरण 'सी. आय. डी.' ह्या मालिकेचे आहे. बी. पी. सिंग ह्यांची ही मालिका १९९८ साली सुरू झाली आणि २०१८ पर्यंत सतत वीस वर्षे चालली; पुढे २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा अवतरली. शिवाजी साटम ह्यांनी तीत प्रद्युम्न हा पोलीस अधिकारी घरोघर पोहोचविला. ७ नोव्हेंबर २००४ रोजी ह्या मालिकेचा एक विशेष भाग दाखविण्यात आला. तो १११ मिनिटांचा संपूर्ण भाग मध्ये एकदाही कॅमेरा न थांबविता चित्रित केलेला होता, आणि त्याची विक्रमग्रंथांत नोंद झाली. अशा चित्रणात घड्याळ उडी मारीत नाही, पेला आपोआप भरत नाही. कारण तेथे काळ खऱ्या काळासारखाच वाहतो. परंतु शंभराव्या मिनिटाला कोणाची जीभ अडखळली, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. सांध्यांची चिंता मिटली, तरी सावधपणाची मिटत नाही.

ह्यावर एक शंका येते. इतक्या चुका होत असतील, तर बहुतेकांना त्या दिसत का नाहीत? ह्याचे उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी आपले प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध केले. एका छोट्या चित्रपटात दोन स्त्रिया बोलत बसल्या आहेत; कॅमेरा बदलला, की एकीच्या गळ्यातील रुमाल नाहीसा होतो, टेबलावरील लाल बशा पांढऱ्या होतात. जवळजवळ कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. दुसऱ्या चित्रपटात तर एका सांध्यावर नटच बदलून त्याच्या जागी दुसरा माणूस आणला, तरीही तीन प्रेक्षकांपैकी सुमारे दोघांना पत्ता लागला नाही. मनुष्याचा डोळा कॅमेऱ्याप्रमाणे सर्व काही टिपून ठेवीत नाही. ज्याच्या पाठीमागे मन धावते तेवढेच तो पाहतो. चित्रपटांचे संकलकही हे जाणून असतात. वॉल्टर मर्च ह्या नामवंत संकलकाने सांधा निवडण्याच्या सहा कसोट्या सांगून त्यांना शंभरापैकी गुण दिले आहेत. त्यांत भावनेला ५१ गुण आहेत, तर वस्तू आणि माणसे ह्यांच्या जागेच्या सलगतेला अवघे ४. ज्या तुकड्यात नटाच्या डोळ्यांतले पाणी खरे आहे, तो तुकडा पेला उजव्या हातात गेला म्हणून फेकून देऊ नये, असा ह्याचा अर्थ. म्हणून पडद्यावरील प्रत्येक चूक निष्काळजीपणाची असते असे नाही. काही चुका जाणूनबुजून पत्करलेल्या असतात. चूक हेरणे ही बुद्धीची करमणूक आहे. तिच्यावरून शेकडो लोकांचे श्रम हास्यास्पद ठरविणे मात्र न्यायाचे नव्हे.

परंतु सलगतेचा एक प्रांत असा आहे, की जेथे चार गुणांची सूट मिळत नाही. तो प्रांत म्हणजे खऱ्या गुन्ह्याचा तपास. सलगता सांभाळणाऱ्याची वही आणि पोलिसांचा पंचनामा ह्यांत विलक्षण साम्य आहे. घटनास्थळी पोलीस पंचांना बोलावतात आणि त्यांच्यासमक्ष लिहून घेतात: दार कोणत्या दिशेला उघडते, कुलूप तुटलेले आहे की काढलेले, रक्ताचा डाग उंबरठ्यापासून किती अंतरावर आहे. सापडलेला मुद्देमाल पुड्यात बांधून त्यावर लाखेची मोहर करतात, पंचांच्या सह्या घेतात, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला ह्याची नोंद ठेवतात. पंचनाम्यात चाकूची मूठ लाकडी लिहिली असेल आणि न्यायालयासमोर आला तो चाकू पितळी मुठीचा असेल, तर बचावाचा वकील त्यावर बोट ठेवणारच. हा तोच चाकू कशावरून? ह्या एका प्रश्नाने खरा गुन्हेगार सुटू शकतो; किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोणाच्या लक्षात न आलेल्या अशाच एका चुकीने निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक ठरविले आहे. ज्या कॅमेऱ्याने आजवर गुप्तहेरांच्या कल्पित कथा रंगविल्या, तोच आता खऱ्या तपासाचा साक्षीदार झाला आहे. येथे मात्र दुसरा प्रयत्न नसतो. 'पुन्हा एकदा' असे म्हणून कोणालाही घटनास्थळ पूर्ववत उभे करता येत नाही.

पडद्यावर घड्याळ चुकले, तर एक संध्याकाळ बिघडते. पंचनाम्यात वेळ चुकली, तर एखाद्याचे आयुष्य बिघडते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे: जे समोर आहे ते शांतपणे पाहणे, पाहिले तसेच आणि तेव्हाच लिहून ठेवणे, आणि स्मरणावर फाजील विश्वास न ठेवणे. वाड्यातल्या चोरीची मालिका पाहून 'घड्याळाचे काटे फिरवले' असे ओरडणाऱ्या त्या मुलाचा तर्क चुकला खरा, परंतु त्याची नजर चुकली नव्हती. त्या नजरेला धीराची आणि पडताळ्याची जोड मिळाली, तर उद्या तो चित्रपटाच्या कॅमेऱ्याजवळ वही घेऊन बसलेला असेल, किंवा एखाद्या खऱ्या घटनास्थळी पंचांसमोर उभा असेल. आणि तेथे लिहिलेली प्रत्येक ओळ तो सही करण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून पाहील.